उलट्या वळणाची पट्टी

काउंटी फायनलच्या आठवड्यात फिंटन डीगनच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नसायची. भिंतीला, पिंपाला, ट्रॅक्टरच्या जुन्या चाकाला, जिथे म्हणून टेकवता येतील तिथे हर्ल्या, म्हणजे चेंडू मारायच्या चपट्या टोकाच्या लाकडी काठ्या, टेकवलेल्या. किलब्रॅकच्या अख्ख्या संघाच्या काठ्यांच्या मुठीला नवी पट्टी चढवायची ती फिंटननेच, असा गावाचा शिरस्ता होता. जुनी पट्टी सोलून काढायची, लाकूड कोरडं पुसायचं, मग रबराची नवी पट्टी ताणून धरत, प्रत्येक वेढा मागच्या वेढ्यावर थोडा चढवत, वरून खाली उतरायचं. शेवटी चिकटपट्टी मारली की झालं. ऐकायला सोपं वाटतं. गावातल्या निम्म्या लोकांनी घरी करून पाहिलं होतं आणि त्यांच्या मुठींना गळवं उठावीत तसे उंचवटे आले होते. पट्टी सैल राहिली तर काठी हातात फिरते, आणि हातात काठी फिरली की चेंडू खांबांमधून जायचा तो गायरानात जातो.

गुरुवारी संध्याकाळी त्याचा मुलगा लॉर्कन शेडच्या दारात येऊन उभा राहिला. हातात हर्ली, आणि खिशातून पिवळ्याजर्द पट्टीचं टोक बाहेर आलेलं.

"बाबा, पट्टी गेलीय."

फिंटनने मान वर केली नाही. "कुठल्या काठीची?"

"फायनलच्या."

"कोणाच्या फायनलच्या?"

"तुझ्या आणि माझ्या. एकच तर आहे," लॉर्कन हसत म्हणाला.

खरं दुखणं तिथेच होतं. लॉर्कनने राथमॉइलच्या ओरलाशी लग्न केलं, तिच्या बापाच्या शेताच्या कडेला घर बांधलं, आणि या वसंतात किलब्रॅकची हिरवी-पांढरी जर्सी उतरवून राथमॉइलची पिवळी-काळी चढवली. फिंटन महिनाभर त्या विषयावर बोललाच नाही. पण माणूस कितीही रुसला तरी सवय रुसत नाही; लॉर्कनच्या काठ्या हंगामभर याच शेडमध्ये येत राहिल्या आणि फिंटन कुरकुरत त्यांना पट्टी चढवत राहिला. दैवाला मात्र मजा बघायची होती. फायनलला नेमकी हीच दोन गावं आली.

"राथमॉइलमध्ये सगळी माणसं खपली का?" फिंटन म्हणाला. "त्यांच्याकडून घे बांधून."

लॉर्कनची आई अट्राक्टा चहाचे मग घेऊन आत आली. "अरे, पोरगं काठी घेऊन आलंय, बंदूक नाही."

"रविवारी बंदूकच आहे ती. आणि पिवळी पट्टी माझ्या शेडमध्ये? या बाकीच्या काठ्यांनी काय म्हणावं?"

"काठ्या शहाण्या आहेत. त्या गप्प बसतील," अट्राक्टा म्हणाली.

लॉर्कन पुन्हा हसला, आणि मग बापाच्या चेहऱ्याकडे बघून त्याचं हसू हळूहळू मावळलं. "बरं," तो म्हणाला. "जार्लाथला सांगतो." त्याने चहा संपवला, आईच्या हातचा केक खाल्ला, आणि निघून गेला.

जार्लाथ म्हणजे ओरलाचा बाप, फिंटनचा व्याही. फिंटन जसा किलब्रॅकचा काठीवाला, तसा जार्लाथ राथमॉइलचा. सामना चालू असताना बाजूच्या रेषेवर जादा हर्ल्या घेऊन उभं राहायचं आणि कोणाची मोडली की धावत जाऊन दुसरी द्यायची, हे दोघांचं काम. दोन व्याही एकमेकांशी इतक्या आदराने बोलायचे की ऐकणाऱ्याला भांडण चाललंय हे कळायला वेळ लागायचा. आपल्या पोराची मूठ आता त्या माणसाच्या हातात जाणार, हे फिंटनच्या घशाखाली उतरेना. त्याने हातातली काठी अर्धी बांधली, उसवली, परत बांधली.

"फोन कर त्याला," अट्राक्टा म्हणाली.

"मी गावाचा माणूस आहे."

"आणि तो कोणाचा आहे?"

फिंटनने चहा गार झाल्याची तक्रार केली.

रविवारी मैदानाच्या एका बाजूला हिरवे झेंडे, दुसऱ्या बाजूला पिवळे. ओरला आणि अट्राक्टा स्टँडच्या बरोबर मधोमध बसल्या होत्या आणि एकाच डब्यातले सँडविच खात होत्या. संघ कवायतीसारखे फिरून आपापल्या जागी गेले. लॉर्कन किलब्रॅकच्या बाकड्यासमोरून धावत गेला आणि फिंटनची नजर सवयीने त्याच्या मुठीवर गेली.

पट्टी चुकीच्या बाजूने वळली होती.

फिंटनने डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं. बांधणी देखणी होती, एकही उंचवटा नाही. जार्लाथला काम येत होतं हे कबूल करायला हवं. पण वळण उजव्या हातवाल्याचं होतं. लॉर्कन जेवतो उजव्या हाताने, सही करतो उजव्या हाताने, पण हर्ली धरली की त्याचा डावा हात वर जातो. लहानपणापासूनची खोड. त्याच्यासाठी पट्टी उलटी गुंडाळावी लागते, म्हणजे मनगट फिरलं की वेढे आवळतात. सरळ गुंडाळली तर प्रत्येक फटक्याला हाताचा पीळ वेढ्यांच्या कडा उचलतो. जार्लाथने जावयाला रोज जेवणाच्या टेबलावर पाहिलं होतं. त्याच्या काठ्या आजवर फिंटनकडून तयार होऊन येत, मग हा विचार करायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

"काय झालं?" किलब्रॅकचा प्रशिक्षक बार्टली याने विचारलं. "भूत बघितलंस?"

"काही नाही," फिंटन म्हणाला. आणि हे 'काही नाही' त्याने सामनाभर गिळून धरलं.

फार वाईट वेळ होती ती. किलब्रॅकने गोल केला की तो उडी मारे, आणि उडी खाली येईपर्यंत त्याची नजर त्या पिवळ्या मुठीकडे गेलेली असे. मध्यंतराला खालचा वेढा सैल दिसत होता. सांगावं तर गावाशी बेइमानी. न सांगावं तर पोराशी. आपण गुरुवारी दहा मिनिटं तोंड बंद ठेवून हात चालवले असते तर ही पाळी आली नसती, हे त्याला कळत होतं आणि म्हणूनच तो कधी रेफरीवर चिडत होता, कधी वाऱ्यावर.

शेवटची मिनिटं आली तेव्हा किलब्रॅक एका पॉइंटने पुढे होतं. राथमॉइलला फ्री, म्हणजे मोकळा फटका, मिळाली, लांबची, आणि तीही किलब्रॅकच्या बाकड्यासमोर, रेषेला लागून. फ्री मारायचा तो लॉर्कन. त्याने सरावाचा एक फटका हवेत मारला आणि पट्टी सुटली. निम्मी पट्टी काठीवरून जत्रेतल्या फितीसारखी लोंबायला लागली, आणि हिरव्या झेंड्यांमध्ये हशा पिकला.

लॉर्कनची जादा हर्ली पूर्वार्धातच मोडली होती. जार्लाथ दूरच्या बाकड्याकडून दुसऱ्याच कोणाची तरी काठी घेऊन धापा टाकत निघाला, पण ती लांबीला जास्त होती. लॉर्कनने लांबूनच ती पाहून मान हलवली. रेफरीने घड्याळाकडे बोट दाखवलं. लॉर्कन उरलेली पट्टी घाईघाईने गुंडाळू लागला, पुन्हा चुकीच्याच बाजूने. स्वतःच्या मुठीला स्वतः पट्टी बांधायची वेळ त्याच्यावर आजवर आलीच नव्हती. ती कोणी येऊ दिली नव्हती हे फिंटनला पक्कं ठाऊक होतं.

लॉर्कनने वर पाहिलं. बापाकडे नाही, खरं तर कोणाकडेच नाही. पण त्याच्या चेहऱ्यावर ती घाबरट घाई होती, शाळेच्या संघात पहिल्यांदा उभा राहिला होता तेव्हाची.

फिंटनला नंतर कितीही विचारलं तरी, आपण रेषा कधी ओलांडली हे सांगता आलं नाही. "आण इकडे," एवढंच तो म्हणाला. पिवळी पट्टी त्याने एका हिसक्यात ओरबाडून काढली, मूठ स्वतःच्या जर्सीला पुसली आणि खिशातून होती ती पट्टी काढली. अर्थातच हिरवी. उलट्या बाजूने, ताणून, वेढ्यावर वेढा चढवत हात खाली उतरला. मागे अख्खं किलब्रॅक उठून उभं राहिलं होतं. मग कोणीतरी ओरडलं, "फिंटन, शुद्धीवर आहेस ना?"

तेवढ्यात जार्लाथ येऊन पोचला. धाप लागली होती तरी आदर सुटला नव्हता. "व्याहीबुवा, आमच्या काठीला आपण हात लावलात?"

"काठी आपली असेल, व्याहीबुवा. हात माझ्या घरचा आहे. डावा वर असतो त्याचा, आपल्या नजरेस आलं नसेल."

जार्लाथने जावयाच्या हातांकडे पाहिलं आणि त्याचे कान लाल झाले.

फिंटनने चिकटपट्टी दाताने तोडली, दाबून बसवली आणि काठी पुढे केली. लॉर्कनने मूठ धरली, एकदा पिळून पाहिली. "घट्ट आहे," तो म्हणाला.

"वारा डावीकडून येतोय. उजव्या खांबाच्या जरा आत धर," फिंटन म्हणाला, आणि रेषेबाहेर आला.

लॉर्कनने चेंडू उचलला आणि मारला. तो आडव्या दांडीच्या वरून, उजव्या खांबाच्या जरा आतून गेला. खांबाजवळच्या पंचाने एका पॉइंटचा पांढरा झेंडा वर केला आणि थोड्याच वेळात शिट्टी वाजली. बरोबरी. पुढच्या रविवारी फायनल पुन्हा.

पिवळे लोक नाचायला लागले. हिरव्यांपैकी काहींनी फिंटनला असे शब्द ऐकवले की जवळच उभ्या असलेल्या पाद्रीबाबांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. काही जण नुसतेच हसत होते, कारण पुढच्या रविवारी परत सामना म्हणजे आठवडाभर परत गप्पा. स्टँडच्या मधोमध दोन बायका एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. त्यातली अट्राक्टा मधूनच डोळे पुसत होती आणि नवऱ्याकडे बोट दाखवून ओरलाला काहीतरी सांगत होती. फिंटन मोडक्या काठ्या गोळा करत खाली मान घालून उभा होता. आपल्याला लाज वाटायला हवी, असं त्याला मनापासून वाटत होतं. पण वाटत होता तो नुसता आनंद, आणि तो लपवायला जागा सापडत नव्हती.

बार्टली त्याच्या समोर येऊन उभा राहिला. हात कमरेवर.

"पट्टी बांधलीस," बार्टली म्हणाला. "ते मी समजू शकतो. मलाही पोरं आहेत. पण वारा का सांगितलास?"

फिंटनने विचार केला. लॉर्कन लहान होता तेव्हापासून, मागच्या अंगणात, शाळेच्या मैदानात, पावसात, उन्हात, त्या पोराने मारलेल्या एकूण एक फ्रीच्या आधी आपण त्याला वारा सांगितला आहे, हे त्याच्या आत्ताच लक्षात येत होतं.

"तोंडातून गेलं," तो म्हणाला.

"पुढच्या रविवारी तुला रेषेवर उभा करणार नाही मी. स्टँडमध्ये बसायचं, अगदी वरच्या रांगेत."

"बसव," फिंटन म्हणाला. "पण मग मला ओरडून सांगावं लागेल, बघ."