यतीनची हिरवी ओळ

कॉम्प्युटरचा साधा कोर्स केला की माणूस नातेवाइकांत इंजिनिअर होतो. कुणाच्या टीव्हीवर मुंग्या दिसायला लागल्या तरी निरोप येतो, रसिकाला बोलवा. त्यामुळे वासंतीमावशीचा फोन आला तेव्हा मी कपाळावर हात मारला आणि रिक्षा करून जेसल पार्कला तिच्या घरी गेले.

"यतीनचा कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आलाय," एवढंच ती म्हणाली होती. "तेवढा लावून दे."

यतीन तिचा एकुलता एक मुलगा. गेल्या वर्षी त्याला कावीळ झाली, हॉस्पिटलात नेलं, आणि तो परत आलाच नाही. तेव्हापासून त्याच्या खोलीत मावशी कुणाला येऊ देत नव्हती. तिचे यजमान आत्मारामकाका तर स्वतःच दारापर्यंत जाऊन मागे फिरायचे.

कॉम्प्युटर बिघडला दसऱ्याला. काकांची स्कूटर, मावशीचं शिलाई मशीन यांची पूजा झाली, मग यतीनचा कॉम्प्युटर तरी कसा मागे राहणार? मावशीने त्याला झेंडूची माळ घातली, हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि फुलाने पाणी शिंपडलं. तेही मशीन चालू असताना. फट्‌ असा आवाज झाला आणि धूर निघाला.

"स्टेशनजवळचा तो मेकॅनिक हसत होता," काका बाहेरच्या खोलीतून म्हणाले. "म्हणे, अंकल, अंदर से चावल निकला. जुनी हार्डडिस्क जळाली, नवीन घातली. आतलं सगळं कोरं आहे म्हणाला."

मला हसू आलं. मेलं कुणाच्या घरी काय काय चालतं, असंही मनात आलं. वायरी जोडता जोडता मी म्हटलं, "मावशी, पूजा करायची तर निदान बंद करून तरी करायचीस."

"बंद कसा करू? चालू असला की तो समोर असतो."

मला ते नीटसं कळलं नाही. मी बटण दाबलं. विंडोज सुरू झाली, नव्या कोऱ्या घरासारखी मोकळी. मावशीचा चेहरा उजळला. ती खुर्ची ओढून बसली आणि तिने माझा हात माऊसवरून बाजूला केला.

"आता हात लावू नकोस. जरा थांबलं की येतं."

आम्ही थांबलो. खाली कुल्फीवाल्याची घंटा वाजून गेली. कॉम्प्युटरचा पडदा होता तसाच राहिला.

"काय येतं गं?"

"त्याची ओळ. पडदा काळा होतो आणि हिरवी अक्षरं इकडून तिकडे जातात. हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी त्याने घातली. मी विचारलं, काय लिहिलंस रे? तर म्हणाला, 'आई, येतो' असं लिहिलंय." ती अजून पडद्याकडेच बघत होती. "रोज दिवा लावला की मी हा चालू करते. बटण त्यानेच शिकवलंय."

कोरं म्हणजे काय, ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्याच्यानेही सांगवलं नाही. "सेटिंग राहिलंय," असं काहीतरी पुटपुटत मी स्क्रीनसेव्हर उघडला, काळा पडदा, हिरवा रंग निवडला आणि इंग्रजी अक्षरांत लिहिलं, आई येतो. मावशीला इंग्रजी वाचता येत नव्हतं. तिला कळणार नाही, असं मला खरंच वाटलं.

थोड्या वेळाने पडदा काळा झाला. उजवीकडून ओळ आली आणि डावीकडे निघून गेली. पुन्हा आली. मावशीने हात जोडले होते, ते हळूच सोडले.

"ही नव्हे."

"हीच गं. 'आई, येतो.'"

"नव्हे. ती खूप लांब होती. संपता संपायची नाही. ही तर आली तशी गेली."

आता मात्र मला रडू फुटलं. "मग अजून काय लिहिलं होतं त्याने?"

"मला काय माहीत? त्याने सांगितलं तेवढंच ठाऊक. कुणाला विचारावंसं कधी वाटलंच नाही."

काका दारात येऊन उभे होते. इंग्रजी वाचणारं घरात तेच एक माणूस. मी त्यांच्याकडे आशेने पाहिलं.

"मी आत आलोच नाही गं," ते म्हणाले. "म्हटलं, काय लिहिलंय ते वाचलं तर मला सोसायचं नाही."

मावशीने पुढे होऊन बटण दाबून तो बंद केला आणि पदराने पडदा पुसला. कॉम्प्युटरच्या डब्याच्या जाळीत अजून थोडं कुंकू अडकलं होतं, ते नखाने काढत बसली.

काका आत आले आणि यतीनच्या पलंगावर बसले. आता तिथे वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं.