मक्यातली वाट

"अहो!"

ओ आली नाही. खाट रिकामी होती, काठी जागेवर नव्हती आणि मागचं दार सताड उघडं. गाव जिला वहिनी म्हणे, तिनं डोक्यावरची पिठाची पिशवी उंबऱ्यातच टाकली आणि अनवाणीच परसात धावली.

"दुपारीच गेला की रानाकडं," शेजारचा म्हातारा कुंपणापलीकडून म्हणाला. "म्हटलं, कुठं निघालास? तर म्हणे, रान साफ करायला."

"आणि तुम्ही जाऊ दिलंत?"

"त्याला आजवर कुणी अडवलंय का? तूच सांग."

खरंच होतं ते. वहिनीचा नवरा जन्मभर नांगरट करत आला. आपलं रान झालं की दुसऱ्यांचं. नांगराचा त्याच्याइतका सरळ तास कुणाचा पडत नसे, म्हणून लोक त्याला ओळंबा म्हणत. रानात तणाची काडी दिसली तर त्याला जेवण गोड लागत नसे. मग एका सकाळी त्याची उजवी बाजू लुळी पडली.

नांगर धरणार कोण? कृषी केंद्रातल्या ताईंचं ऐकून वहिनीनं यंदा रान नांगरलंच नाही. मागच्या मक्याची ताटं जमिनीवर तशीच पसरली, त्यांच्यातूनच भोकं पाडून मका टोकला आणि दोन ओळींच्या मधे चवळी लावली. जमीन झाकलेली राहिली की तण डोकं वर काढत नाही, असं ताई म्हणाल्या होत्या. पण चवळी वाढेपर्यंत तण माजायचं ते माजलंच. वहिनी कंबर मोडेस्तोवर उपटत राहिली. "ओळंब्याच्या रानात सापांनी संसार थाटलाय," म्हणून येणारे-जाणारे हसले. पुढं चवळीनं अंग धरलं, वेलात वेल गुंतले आणि खालचं गवत पिवळं पडू लागलं. पण हे घरी सांगायची सोय नव्हती. रानाचा विषय निघाला की तो भिंतीकडं तोंड करून झोपे.

बांधावर ती धापा टाकत थांबली. मका डोक्याच्या वर गेलेला. आत माणूस असेल तर दिसायचा नाही.

"अहो, ओ द्या ना!"

ती आत घुसली. पानं तोंडावर सपासप लागत होती, वेल घोट्यांना विळखे घालत होते. एकदा ती तोंडावरच पडली. लोकांची ती सापांची थट्टा आता आठवली आणि ती घाईनं उठली. थोडं पुढं उपटलेली चवळी दिसली, मुळं वर, पानं कोमेजलेली. मग मक्याची ताटंही, नुकतेच तुरे आलेली. त्या मागावर ती पळत सुटली. माग संपला तिथं काठी पडली होती. पलीकडं कुणी नाही.

तेवढ्यात कुणीतरी खोकलं.

दोन ओळींच्या मधे तो कुशीवर पडला होता. पाय वेलात अडकलेले, गालाला माती.

"लागलं का कुठं?"

त्यानं मान हलवली. नाही.

"केव्हाच्या हाका मारतेय! ऐकू नाही आल्या?"

"आल्या."

"मग ओ नाही का द्यायची? जीव टांगणीला लागला होता माझा."

"काय ओ देऊ? माझ्याच रानात पडलोय, उचलायला ये, म्हणून?"

तिला रडू येत होतं आणि रागही. "अहो, वर्षाचं धान्य उपटलंत तुम्ही!"

"चवळीच उपटत होतो. डोळ्यांना कळतं गं, हाताला कळत नाही."

तिनं एक वेल बाजूला सारला. "बघा तरी. आहे का तण?"

खाली काळी माती होती आणि गवताचं एखादं फिकट पातं. त्यानं डावा हात मातीत खुपसला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"ओल आहे अजून," तो म्हणाला. मग हळूच, "म्हणजे नांगर नको, कोळपं नको, मीही नको. नुसतं आत यावं म्हटलं तर पाय टाकायला जागा नाही."

वहिनीनं त्याचे पाय सोडवले, त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि त्याला घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती विळा घेऊन रानात आली. बांधापासून थेट मधोमध, एक माणूस काठी टेकत जाईल एवढ्या रुंदीनं, तिनं चवळी कापत नेली आणि खालची ताटंही गोळा करून बाजूला टाकली.

"डोकं फिरलं की काय?" शेजारचा म्हातारा ओरडला. "हातानं पोसलेलं कापतेस? उघड्या मातीत तण येईल ना!"

"येऊ दे," ती म्हणाली आणि कापत राहिली.

आलंच ते. एक सर पडून गेली आणि त्या पट्ट्यात हिरवे कोंब टरारून वर आले.

आता तो रोज सकाळी तिथं गोणपाट टाकून बसतो. डाव्या हातात खुरपं. एकेक मूळ मोकळं करायचं, माती झटकायची, बाजूला ठेवायचं. हरळीची चिवट मुळी लागली की अंगाचा सगळा भार देऊन ओढतो. ती सुटली की जरा दम खातो, हात पायजम्याला पुसतो आणि बसल्या बसल्याच गोणपाट वीतभर पुढं सरकवतो.