आत्याचं गाणं कोण गाणार?

आत्याचं गाणं गायला कुणी तयार होईना, आणि हे आत्याला सांगायची कुणाची छाती होईना. मग उरलं कोण? मी! आमच्या घरात नको असलेलं प्रत्येक काम गडगडत येऊन माझ्याच पायाशी थांबतं.

आमची रेकॉर्ड कंपनी तशी घरगुतीच. बाबांनी काढली, आता मी चालवते, आणि मी ती कशी चुकीची चालवते हे सांगायला बाबा रोज ऑफिसात येतात. कंपनीला चाळीस वर्षं झाली म्हणून मी एका अल्बमची टूम काढली. आमच्याच गायकांनी एकमेकांची जुनी गाणी गायची, स्वतःचं कुणी गायचं नाही. सगळ्यांनी पटापट गाणी उचलली आणि राहिलं ते नेमकं आत्याचं. ते आमच्या कंपनीचं पहिलं गाणं. ते चाललं म्हणून कंपनी उभी राहिली. ते वगळून वाढदिवस करायचा म्हणजे आपल्या हाताने आपलं नाक कापून घ्यायचं.

गाणं वाईट होतं का? छे, गाणं सोन्यासारखं! अडचण आत्याची होती. तिच्यासमोर कुणी ते नुसतं गुणगुणलं तरी ती हातातलं काम टाकून "थांब, थांब" म्हणते. इथे श्वास घ्यायचा नाही, तिथे एवढं चढायचं नाही. एकदा हॉटेलात पियानो वाजवणाऱ्या बिचाऱ्याला तिने अर्ध्या जेवणावरून उठून सुधारलं होतं. त्यामुळे कुणाचा घसा बसला, कुणाला अचानक परगावी जायचं आलं. एकजण तर म्हणाला, "त्या गाण्याला हात लावायची माझी लायकी नाही." मी म्हटलं, "लायकी राहू दे, आवाज आहे ना?" त्याने फोन ठेवला.

इकडे आत्या रोज विचारायची, "काय गं, माझ्या गाण्यावरून भांडणं लागली असतील ना?"

"विचारूच नकोस!" मी म्हणायचे. दुसरं काय म्हणणार?

ती खूश व्हायची. शेजारपाजारी सगळ्यांना सांगून झालं होतं. तिने गाणं सोडल्याला बरीच वर्षं झाली होती, रस्त्यात आता कुणी ओळखत नव्हतं. आपलं गाणं कुणालाच नकोय हे कळलं असतं तर ती भांडली नसती, गप्प बसली असती. आणि आत्या गप्प बसलेली मला बघवत नाही. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलंय.

शेवटी सापडला भोंगा. हा आमचा सगळ्यात आडदांड गायक, आणि आवाज असा की माईक त्याच्यापासून लांब नेऊन ठेवावा लागतो. दौऱ्यावरून उशिरा परतला, तोवर बाकीची गाणी गेलेली. "हेच उरलंय," मी म्हटलं. त्याचं तोंड एवढंसं झालं. बरीच मनधरणी केल्यावर तयार झाला, पण अट घालून. "ताई, आत्याबाई त्या दिवशी स्टुडिओत दिसल्या तर मी तडक घरी."

मी शब्द दिला. आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी सकाळी चहा पिता पिता बाबांनी बहिणीला आजच्या रेकॉर्डिंगचं सांगून टाकलं. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही.

ठेवणीतले कपडे घालून आत्या हजर! काचेपलीकडे भोंगा हेडफोन लावून उभा होता. तिला बघताच त्याने हेडफोन उतरवला. मी धावत आत गेले आणि हात जोडले. "एकदाच गा. नाही जमलं तर मी स्वतः तुला घरी सोडते."

"त्या मध्ये बोलतील."

"नाही बोलणार." हे मी कशाच्या जोरावर म्हटलं, मलाच ठाऊक नाही.

आमच्या बाजूला टेबलावर एक छोटा माईक असतो. त्याचं बटण दाबून बोललं, तरच पलीकडे ऐकू जातं. आत्या खुर्चीत बसेपर्यंत मी रेकॉर्डिस्टला खूण केली आणि त्याने गुपचूप त्या माईकची वायर काढली.

संगीत सुरू झालं. भोंग्याने पहिली ओळ घेतली मात्र, आत्याने बटण दाबलं. "थांब, थांब! अरे, श्वास कसला घेतोस तिथे?"

भोंगा थांबला नाही. ती माईक हातात घेऊन काचेला जाऊन चिकटली. "हळू! आता वर... अरे, हळू म्हटलं ना! सोड, सोड तो स्वर!" दुसऱ्या हाताने ताल चालूच. मी जीव मुठीत धरून बसले होते. पण भोंग्याची नजर तिच्यावरून हटेना, आणि त्याचा आवाज मऊ होत गेला. हा माणूस इतकं हळुवार गाऊ शकतो हे मला माहीतच नव्हतं. आत्याचं तोंड शेवटच्या स्वरापर्यंत चालू होतं.

तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"आत्याबाई, मी पहिल्याच ओळीला पळणार होतो. मग बघितलं तर तुम्ही काचेपाशी उभ्या राहून माझ्याबरोबर गाताय. अगदी शेवटपर्यंत. मी एकटा गातोय असं वाटलंच नाही हो मला."

रेकॉर्डिस्टने मान खाली घातली. आत्याने हातातल्या माईककडे बघितलं, लोंबणाऱ्या वायरीकडे बघितलं, मग माझ्याकडे. आता माझी धडगत नाही, मला वाटलं.

"मग?" ती भोंग्याला म्हणाली. "एकटा कसा सोडीन तुला?"

तो लहान मुलासारखा हसला. "चुकलं असेल ते सांगा. आता भीती नाही वाटत. पुन्हा गातो."

झालं! मी डोळेच मिटले. त्याने आपणहून मागितलं होतं, आणि तिच्याकडे सांगण्यासारखं ओळीओळीला काहीतरी होतं. या गाण्यातली एक चूक तिने जन्मात कुणाला माफ केली नव्हती. तिने खोल श्वास घेतला.

"नको," ती म्हणाली. "तू गायलास तसंच राहू दे."

तिने माझा हात घट्ट धरला. तिला ते किती जड गेलं ते मला कळलं, आणि मला तिचा इतका अभिमान वाटला की मी तिथेच, सगळ्यांसमोर, तिच्या गळ्यात पडून रडले.