ऐकू न येणारा श्वास

रेडिओवर बातम्या वाचणाऱ्याचा श्वास ऐकू येता कामा नये. शिकवणाऱ्या बाईंनी हे माझ्या डोक्यात असं काही भरलं, की मी जिना चढतानासुद्धा चोरून श्वास घेते. याच गुणानं माझ्या पोटावर पाय आणला.

दमा जुनाच. फवाऱ्याचा इन्हेलर होता तोवर बरं चाललं होतं; तो हळूच ओढायचा असतो. मग डॉक्टरांनी पावडरचा पंप लिहून दिला. "घेता येतो ना?" "हो." झालं, पुढच्या पेशंटला हाक! त्यानंतर माझी वाक्यं मध्येच तुटायला लागली, घसा घोगरा झाला. डॉक्टर म्हणाले, डोस वाढवू. आमचे साहेब म्हणाले, "मॅडम, सकाळच्या बातम्या थोडे दिवस दुसऱ्या कुणाला देऊ या." थोडे दिवस म्हणजे किती, हे मला चांगलं कळतं. मी त्यांना तोंडावर सांगितलं, महिनाअखेर मला एकदा ऐका, मग काय ते ठरवा. "ऐकू की," ते म्हणाले, मोबाइलमधून मान वर न करता.

त्याच आठवड्यात धाकटी जाऊ भावजींसोबत राहायला आली. तिचाही पंप पावडरचाच. सकाळी तिनं तो तोंडाला लावला आणि असा जोरात सुर्रकन ओढला, की मी दचकले.

"अगं, हळू! भावजी उठतील."

"उठू देत. तुम्ही कसा घेता?"

मी दाखवलं. ती बघतच राहिली.

"ताई, घेतलात कधी? अहो, हा फवारा नाही. यात आत ढकलणारं काही नसतं, आपणच जोर लावायचा. तुमची पावडर सगळी जिभेवर बसली असणार. आधी श्वास बाहेर सोडा. पंपात नाही हो, बाजूला! आता ओठ घट्ट, आणि ओढा जोरात. धरून ठेवा थोडं. नंतर गुळण्या करता ना?"

"गुळण्या?"

"मग घसा बसणार नाही तर काय! तुमच्याकडून कुणी करून घेतलं नाही? मला तर डॉक्टरांनी समोर बसवून घ्यायला लावलं होतं."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. इतक्यांदा त्या डॉक्टरांकडे गेले, छातीला नळी लावून घेतली, पण 'करून दाखवा' म्हणायला त्यांची जीभ झिजली असती? डोस वाढवायला मात्र पुढे!

महिनाअखेर साहेबांनी ऐकलं. अख्खं बातमीपत्र मी कुठेही न अडखळता वाचलं. खुर्ची परत मिळाली.

पहिल्याच सकाळी प्रक्षेपण सुरू होण्याआधी मी माइकसमोर पंप ओढला. काचेपलीकडून साहेबांचा आवाज हेडफोनमध्ये आला.

"मॅडम, तो आवाज फार वाईट येतो हो. पूर्वी तुम्ही इथेच घ्यायचात, पण कसं, कळायचंसुद्धा नाही."

"कळणार कुठून? तेव्हा औषध छातीत जातच नव्हतं," मी म्हणाले. "आणि तेव्हाच तुम्ही मला उठवलंत. आता एवढा आवाज ऐकून घ्यावा लागेल."

साहेब काही बोलणार होते, पण लाल दिवा लागला. मी बातम्या वाचायला घेतल्या.