मुकी टोपली

झाडावरच्या पहिल्या अंजिरानं रंग धरला, त्या सकाळी जक्कूरनं त्याच्या देठाला लव्हाळ्याची पात बांधली. म्हणजे हे फळ देवाचं. ते डोंगरावरच्या मंदिरात जायचं. आता घरातलं कुणी त्याला हात लावणार नव्हतं. पाखरांना ते कोण सांगणार, म्हणून त्याच्या बायकोनं, अखसानं, जुन्या घोंगडीचा तुकडा वर पसरून टाकला.

दोन हिवाळे कोरडे गेले होते. झाडाची पार काटकी झाली होती. ते पुन्हा पालवलं, फळलं, तेव्हाच अखसानं मनाशी धरलं, की यंदा आभाराचे शब्द वर, डोंगरावर, नवऱ्याच्या तोंडून निघायला हवेत. आणि नवरा तर म्हणत होता, मी येतच नाही.

"टोपली तू ने," जक्कूर म्हणाला. "मी पायथ्यापर्यंत सोबत करतो."

"बाईच्या हातची टोपली याजक घेतात. पण जमिनीच्या आभाराचे शब्द बाईला बोलू देत नाहीत. जमीन पुरुषांच्या वाट्याची. टोपली माझ्या हातून गेली, तर मुकी जाईल."

"माझ्या हातून गेली तरी मुकीच."

जक्कूर तसा बैलांशी बोलणारा माणूस. माणसांपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. मागच्या वर्षी मूठभर सातू घेऊन गेला, तेव्हा याजकासमोर 'माझा बाप भटका' एवढे पहिले शब्द म्हणाला आणि अडकला तो अडकलाच. शेवटी याजकानं एकेक शब्द सांगितला आणि यानं तो पुटपुटला, तेव्हा रांगेत खसखस पिकली. शेजारचा गेरा तर डोंगर उतरेपर्यंत त्याची नक्कल करत आला. तेव्हापासून गावात जक्कूरचं नाव पडलं, भटक्या.

सणाला गाव निघालं. पुढे शिंगांना जैतुनाच्या डहाळ्या गुंडाळलेला बैल, त्याच्यापुढे पावा वाजवणारा. जक्कूर टोपली घेऊन सगळ्यांच्या मागे. गेराची चांदीची टोपली त्याच्या चाकराच्या डोक्यावर होती आणि गेरा स्वतः मोकळ्या हातांनी, मोकळ्या तोंडानं चालला होता.

"वहिनी, भटक्या आज फार मागे राहिला," तो म्हणाला.

"तो वर येणार नाही, गेराभाऊ. पायथ्याशीच थांबतोय."

"का बरं?"

"तुम्ही नकला चांगल्या करता म्हणून."

गेरा हसला. "अहो, थट्टा ती. थट्टा कुणी मनावर घेतं का?"

"नसतील घेत. दुष्काळात तुमची मेंढरं आमच्या टाक्यावर पाणी प्यायची, तेव्हा आमचं झाड वाळत होतं. तेव्हा हा काही बोलला नाही. तेव्हाचं त्याचं न बोलणं तुम्हाला बरं गोड लागलं."

गेरानं दाढी खाजवली. मग मागे वळून जक्कूरकडे पाहिलं. 

पायथा आला. उंचीनं म्हणाल तर पलीकडचा जैतुनांचा डोंगर याच्याहून वरचढ. पण देवानं आपलं नाव ठेवायला निवडला हाच. इथंच अब्राहामानं पोरावर उगारलेला हात देवानं वरच्या वर थांबवला, असं अखसाची आई सांगायची. इथं राजा आला तरी स्वतःची टोपली स्वतःच्या खांद्यावर घेऊन चढतो. चाकर खाली थांबतात. गेरानंही चाकराच्या डोक्यावरची चांदी उतरवून खांद्यावर घेतली.

जक्कूरनं टोपली अखसापुढे धरली. अखसानं हात पदराखालून काढलेच नाहीत.

"घे ना."

"जड दिसते," ती म्हणाली आणि चढायला लागली.

तो तिथंच उभा राहिला. टोपलीतल्या अंजिरावर लव्हाळ्याची पात अजून हिरवी होती. थोड्या वेळानं अखसाला मागून त्याची पावलं ऐकू आली. तिनं वळून पाहिलं नाही. न जाणो, परत फिरायचा.

वर मंदिराच्या अंगणात बायका मागे थांबल्या. पुढे गेरा, त्याच्यामागे जक्कूर. गेराला सगळे शब्द तोंडपाठ. दर वर्षी तो ते अंगणभर ऐकू जातील असे म्हणायचा. याजकानं त्याला खूण केली. गेरा गप्प.

"बोला," याजक म्हणाला.

"महाराज, तुम्हीच सांगा. मला यंदा विसरायला झालंय."

याजकानं एकेक शब्द सांगितला आणि गेरा मागून म्हणत गेला. मध्ये दोनदा अडखळला. खोटं अडखळणं त्याला काही जमलं नाही, पण हसलं कुणी नाही. जक्कूरनं त्याच्या पाठीकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मग जक्कूरची पाळी. याजकानं टोपलीखाली हात धरला आणि त्यालाही एकेक शब्द सांगितला. माझा बाप भटका होता. मिसर देशात आम्ही गुलाम म्हणून राबलो. देवानं ओरड ऐकली, हाताला धरून या मातीत आणलं. आणि हे बघ, देवा, तू दिलेल्या मातीचं पहिलं फळ. अडखळत का होईना, शेवटचा शब्द आला. त्याच्या मागचा म्हातारा म्हणाला, "मलाही सांगा, महाराज." मग त्याच्या मागचाही तेच म्हणाला.

अखसाला पुढचं नीट दिसेना. तिनं पदरानं डोळे पुसले आणि शेजारणीला म्हणाली, "धूर फार आहे गं."

उतरताना गेराच्या हातात रिकामी चांदीची टोपली होती. श्रीमंतांच्या टोपल्या परत मिळतात. गरिबांच्या, वाळुंजाच्या फोकांनी विणलेल्या, मात्र फळांसकट याजकाकडेच राहतात.

"माझी आली परत," गेरा म्हणाला. "जक्कूर, तुझी राहिली की रे देवापाशी."

गेरानं त्याला नाव घेऊन हाक मारल्याला वर्ष झालं होतं. 

"राहू दे," जक्कूर म्हणाला. "वाळुंज पुष्कळ आहे ओढ्याला. पुढच्या वर्षासाठी दुसरी विणीन. तुला हवी असेल, तर तुझ्यासाठीपण."