दाढी घरीच करतो

आदिनाथच्या टपरीत केस कापायला माणसं यायची, दाढीला मात्र कुणी फिरकत नव्हतं. ही करणी रावजीकाकांची, आणि काकांइतका भला माणूस अख्ख्या सोलापुरात शोधून सापडायचा नाही, हीच तर पंचाईत होती.

काका एसटीतून निवृत्त झालेले. तुरुंगातून सुटलेल्यांना कामाला लावणाऱ्या एका संस्थेत ते बिनपगारी राबायचे. आदिनाथ जन्मठेप भोगून सुटला, तेव्हा वेळापूरकडच्या त्याच्या गावातून भावाचा निरोप आला की इकडं येऊ नकोस. मग काकांनीच धावाधाव करून त्याला टपरी मिळवून दिली, फिरती खुर्ची आणली, आरसा लावला. न्हाव्याचं काम आदिनाथ तुरुंगातच शिकला होता आणि त्याचा हात चांगला बसला होता.

उद्घाटनाला काकांनी नारळ फोडला आणि जमलेल्या लोकांना सगळं सांगून टाकलं. बांधावरच्या भांडणात याच्या हातून चुलतभावाचा खून झाला, कोयता मानेवर बसला, त्याची शिक्षा हा भोगून आलाय, आता याला आपण सांभाळायचं. उद्या कुणी पाठीमागं कुजबुजायला नको, म्हणून काकांनी आधीच सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिलं गिऱ्हाईक म्हणून काकाच खुर्चीत बसले. केस झाले, आदिनाथनं वस्तऱ्याला नवं पातं लावलं, तसे काका उठून उभे राहिले.

"दाढी मी घरीच करतो," ते म्हणाले.

तेव्हापासून सगळा चौक दाढी घरीच करायला लागला. शेजारचा चहावाला बसप्पा तर आधी आठवडा आठवडा खुंट वाढवून हिंडायचा, तोही. कुणी वाकडं बोलत नसे. केस कापून झाले की माणसं अंगावरचं कापड स्वतःच ओढून काढत आणि बसप्पाकडं चहाला जात.

दुपारी आदिनाथ रिकाम्या खुर्चीसमोर उभा राहायचा. तुरुंगात दाढीच्या दिवशी रांग लागायची. शिपाई शेजारी उभा असायचा खरा, पण माणसं गळा वर करून खुशाल डोळे मिटायची. बार्शीचा एक चोर तर घोरायला लागायचा. संध्याकाळी खोलीवर भात शिजत ठेवला की दिवसभरात आपण किती कमी बोललो हे आदिनाथच्या ध्यानात यायचं. त्याला तुरुंगाची आठवण यायची, आणि त्या आठवणीची त्याला लाज वाटायची.

काका रोज चक्कर मारायचे. "धंदा कसा चाललाय?"

"बरा हाय की."

एवढंच. काकांच्या जबड्यावर नेहमी एखादा कापलेला ओरखडा असायचा, त्यावर तुरटी फिरवलेली. घरच्या दाढीत त्यांचा हात बेताचाच होता. आदिनाथ तो ओरखडा बघायचा आणि नजर दुसरीकडं वळवायचा.

एकदा काका न्हाणीघरात घसरले आणि उजव्या हाताला प्लास्टर बसलं. बरेच दिवस ते आले नाहीत, म्हणून आदिनाथ पेटी घेऊन घरी गेला. दार काकूंनी, कस्तुराबाईंनी उघडलं.

"बरं झालं बाई, आलास. उद्या पुतणीचा साखरपुडा, आणि हे अस्वलासारखे बसलेत. ओ, बसा की खुर्चीवर."

काकांना पळायला वाट राहिली नाही. आदिनाथनं फेस केला, गाल झाले, हनुवटी झाली. मग दोन बोटांनी त्यानं काकांची मान वर केली. काकांचे डोळे उघडे होते आणि वस्तऱ्यावर खिळले होते. गळ्यातली घाटी वरखाली झाली. ही नजर आदिनाथनं आयुष्यात एकदाच पाहिली होती, बांधावर.

त्यानं वस्तरा मिटला आणि गळ्यावरचा फेस टॉवेलनं पुसून टाकला.

"झालं, काका."

काकांनी डाव्या हातानं गळा चाचपला. खुंट तसेच होते. "झालं," म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत राहिले. काकूंचा चहा व्हायच्या आत आदिनाथ निघाला. टपरी उघडीच टाकून आलोय, असं खोटंच सांगितलं.

रात्रभर त्याला वाईट वाटत राहिलं, काकांचंही आणि स्वतःचंही. सकाळी त्यानं ठरवलं, खुर्ची परत करायची आणि मार्केट यार्डात हमालीला जायचं. पोत्याला कुणाची भीती वाटत नाही. तो आरसा उतरवत होता, तेवढ्यात काका आले. अंगात साखरपुड्याचा कडक इस्त्रीचा सदरा, हात झोळीत, आणि गळ्यावर पांढरे खुंट. ते सरळ खुर्चीत बसले.

"काल राहिलं तेवढं कर."

"ऱ्हाऊ द्या की काका. तुमी घरीच करता न्हवं."

"घरी मला कधीच जमलं नाही रे." बसप्पा किटली घेऊन बघत उभा होता. काकांनी आवाज खाली आणला नाही. "मला भीती वाटते, आदिनाथ. पहिल्या दिवसापासून वाटते. लोकांना सांगतो घाबरू नका, आणि घाबरलो मीच."

आदिनाथनं आरसा परत खिळ्याला अडकवला आणि फेस केला.

"काका, गळा वर करा."

काकांनी मान मागं टाकली आणि डोळे मिटले, लहान पोर औषधाच्या वेळी मिटतं तसे घट्ट. डाव्या हातानं त्यांनी खुर्चीचा दांडा आवळून धरला होता. बार्शीच्या चोरासारखे ते काही निवांत नव्हते. वस्तरा गळ्यावरून फिरत गेला, शेवटपर्यंत, आणि ती मूठ काही सुटली नाही. आदिनाथला ती आरशात दिसत होती. एवढं भिऊनसुद्धा त्याच्यासाठी आजवर कुणी असं बसलं नव्हतं.