अंगणातलं पेव

आमच्या बाळापूरच्या घरी रंधा मशीन आणायचं गजेंद्रनं ठरवलं, तेव्हा मी त्याला एकच गोष्ट विचारली. ती अंगणातून मागच्या शेडपर्यंत नेणार कशी?

"पाइपावरून लोटत नेऊ. तू काहून काळजी करून राहिली?"

"पेव हाय तिथं."

"आई, ते केव्हाचं बुजलं असन."

गजेंद्र माझा मुलगा. दारं-चौकटी बनवतो. वीस वर्षं हातानं सागवानाच्या फळ्या तासून त्याचा उजवा खांदा गेला आहे. ताट उचलतानाही त्याचा चेहरा आक्रसतो. अकोल्यात एक कारखाना बंद पडला, तिथली ही जुनी ओतीव बिडाची मशीन त्याला मिळाली होती. ती आली तर धंदा चालणार होता, नाही तर हत्यारं गुंडाळून ठेवायची वेळ आली होती. हे मला कळत नव्हतं असं नाही.

पण पेवही मला ठाऊक होतं. माझे सासरे देवराव यांच्या काळात ज्वारी अंगणातच पुरून ठेवत. जमिनीत दीड पुरुष खोल खड्डा, आतून रांजणासारखा फुगीर, आणि वर माणूस कसाबसा उतरेल एवढं तोंड. तोंडावर फरशी, फरशीवर माती, मातीवर सडा. चोरांच्या भीतीनं वर खूण ठेवत नसत. जागा घरच्या बायका एकमेकींना सांगत. मला सासूनं सांगितली होती: तुळशीपासून विहिरीकडे चालत जायचं, आणि गोठ्याचं दार भिंतीआड गेलं की थांबायचं. पायाखाली पेव.

अशी तीन होती. नवं घर बांधताना दोन सापडली, ती मुरूम टाकून भरली. तिसरं सापडलं नाही. तोवर गोठा पडला होता, विहीर बुजवली होती, तुळस गच्चीवर गेली होती. थांबायचं कुठं, ते सांगणारं अंगणात काही उरलं नव्हतं. गजेंद्रच्या वडिलांनी सगळीकडे खडी पसरली आणि वर सिमेंटचे गट्टू बसवून घेतले.

मशीन यायच्या आदल्या दिवशी मी काठी आपटत अंगणभर फिरले. पूर्वी सडा टाकताना पेवावरची जमीन बादलीच्या आवाजाला उत्तर द्यायची. गट्टू सगळीकडे सारखेच वाजले. "भिंतीकडून ने मंग," मी म्हटलं.

"तिकडं संडासाची टाकी हाय. ती तं नक्की फुटन."

खरं होतं. मधूनच न्यावं लागणार होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी टेम्पो आला. दसऱ्याला मशीन जागेवर बसवून तिची पूजा करायची, असं गजेंद्रच्या मनात होतं. आमची गल्ली अरुंद, क्रेन आत येत नाही, म्हणून उतरवायला देवमन आणि त्याची तीन माणसं आली होती. देवमन पन्नाशीचा, बोलका. मशीन टेम्पोवरून फळ्यांच्या उतारावर इंच इंच सरकत होती आणि त्याचं तोंड चालू होतं.

"पाय मोजून टाकून राहिली नवरी. माहेर सोडवत नाही वाट्टे तिले."

"सव्वा टनाची नवरी," गजेंद्र म्हणाला. "तुयासारखा नवरा पायजे तिले." त्या दिवशी तो किती तरी महिन्यांनी हसला.

सून रागिणी ओवाळायचं ताट घेऊन ओट्यावर उभी होती. मशीन खाली टेकली तेव्हा घरातली भांडी मांडणीवर किणकिणली. ती हिरवा रंग उडालेली, काळी, बसक्या म्हशीसारखी होती. तिच्याखाली पाइप घातले. शेडच्या लोखंडी खांबाला चेनपुली बांधली. दोघं लोखंडी सब्बलीनं मागून रेटत, एक जण चेन ओढी, देवमन पाइप बदलत पुढं येई. प्रत्येक पाइप गट्टूंवरून फिरताना दळल्यासारखा आवाज होई. मी तो आवाज ऐकत होते. अर्धं अंगण ओलांडलं आणि तो बदलला. जड होता, तो पोकळ झाला.

"थांबवा," मी म्हणाले.

कोणी थांबायच्या आतच मशीनचा पुढचा कोपरा चार बोटं खाली बसला.

"काही नाही काकू, पावसाची माती हाय, दबली," देवमन म्हणाला. त्यानं टेम्पोतला मोठा जॅक आणून कोपऱ्याखाली लावला आणि दांडा मारू लागला. कोपरा उचलला जाण्याऐवजी जॅकच खाली रुतू लागला. मग फरशी फुटल्याचा आवाज आला. जॅक दिसेनासा झाला, त्याच्यामागे पाच-सहा गट्टू गेले, आणि ते पडल्याचा आवाज उशिरानं वर आला. मशीन त्या तोंडावर तिरपी होऊन चेनच्या जोरावर अडकली.

आणि वास आला. आंबूस, कुजक्या ज्वारीचा. अठरा वर्षांची असताना घेतलेला तो वास मी विसरले नव्हते.

तेव्हा पेव उघडायची रीत होती. फरशी काढायची, एक दिवस तोंड मोकळं ठेवायचं, मग कंदील सोडून बघायचा. कंदील जळत राहिला तरच माणूस उतरायचा. त्या साली व्यापाऱ्याच्या गाड्या दाराशी खोळंबल्या होत्या, म्हणून आमचा सालदार पुंजाजी फरशी काढल्या काढल्या खाली उतरला. तो ओरडला नाही. धडपडलाही नाही. दमून टेकावं तसा भिंतीला टेकून बसला आणि मान कलली. मी वरून बघत होते, मला वाटलं विसावा घेतोय. दुसरा गडी त्याला काढायला निघाला, तर मामंजींनी त्याचं धोतर धरून त्याला मागे खेचलं.

"जॅक वर आणल्याशिवाय काही होत नाही," देवमन म्हणत होता. त्याचं बोलणं आता आखूड झालं होतं. "दुसरा आणाले अकोल्यापर्यंत जा लागन. तोवर हा खांब टिकत नाही."

शेडचा खांब वाकू लागला होता.

गजेंद्रनं सदरा काढला. "दोर बांधा मले. जॅक दिसून राहिला वरून. दोन मिनिटांचं काम हाय."

"उतरू नको," मी म्हणाले.

"आई, बाजूले हो."

"खाली हवा नाही. पुंजाजी असाच गेला."

"साठ वर्षं झाली त्याले. आता तोंड उघडलं ना, हवा गेली आत."

"गजू, डोकं तुयं फिरलं का? वर मशीन लटकून राहिली."

"म्हणूनच तं जातो. पडली तं मी काय करू, सांग. हा खांदा घेऊन कोणाच्या दारी जाऊ?"

मी त्याच्या कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. देवमनची माणसं दुसरीकडे बघू लागली. गजेंद्रनं माझी बोटं एकेक करून सोडवायला सुरुवात केली, हळूच, दुखू नये म्हणून. तेवढ्यात रागिणीनं कपडे वाळवायची दोरी सोडली. ताटातलं निरांजन कडीच्या डब्यात ठेवलं, कडीला दोरी बांधली आणि कोणाला न विचारता डबा पेवात सोडला.

आम्ही सगळे वाकून बघत होतो. डबा हातभर खाली जाईपर्यंत वात नीट जळत होती. पुरुषभर खाली गेल्यावर ती बारीक झाली, निळी झाली, आणि विझली.

"वाऱ्यानं गेली," गजेंद्र म्हणाला.

"खाली कुठचा वारा?" रागिणी म्हणाली. तिनं डबा वर ओढला, वात पुन्हा लावली. दोन काड्या वाया गेल्या.

डबा दुसऱ्यांदा खाली जात होता तेव्हा पेवाचा काठ सुटला. देवमन "हटा" म्हणाला, तेही साध्या आवाजात. खांब जमिनीतून उपटला गेला, चेन फटकारा मारत गट्टूंवरून गेली, आणि मशीन पुढचं तोंड खाली करून आत उतरली, रागिणीच्या हातातली दोरी ओढून घेत. धूळ बसायला बराच वेळ लागला. सगळे उभे होते. मी मोजून घेतले.

गजेंद्र काठावर बसला. खाली मशीनचा मागचा भाग आणि एक चाक दिसत होतं, बाकी मातीत गेलं होतं.

"पहिल्यांदाच जाऊ दिलं असतं," तो म्हणाला, "तं जॅक वर आला असता. कोपरा उचलला असता."

"असता," मी म्हणाले.

"वाऱ्यानंच गेली होती वात."

देवमननं चेन गुंडाळली आणि माणसांना घेऊन निघून गेला. जाताना माझ्या पाया पडला.

दसरा झाला. दारी आपट्याची पानं घेऊन आलेली माणसं अंगणाच्या कडेकडेनं चालत आली आणि तशीच गेली. मी माझी बाज पेवाच्या तोंडाशी आणून टाकली आहे. दिवसरात्र खाली माती पडत असते. आधी भुरभुर, मग एखादं ढेकूळ. रागिणी जेवण इथंच आणून देते आणि थोडा वेळ माझ्याजवळ बसते.

आज सकाळी गजेंद्र ओट्यावर उभा राहून देवमनशी फोनवर बोलत होता. आपल्या मागच्या आवाराची भिंत पाडली तर क्रेन आत येते, चेन लांब लागेल, असं तो सांगत होता. देवमननं काहीतरी विचारलं. काय विचारलं असेल ते मला समजलं. वरून कितीही मोठी क्रेन लावली, तरी आकडा मशीनला खाली जाऊनच अडकवावा लागतो.

"मी हाय ना," गजेंद्र म्हणाला. बोलताना तो माझ्याकडे बघत होता.

मी बाजेवरून उठले नाही.